‘ऑलवेज’ नेमका कुठे ठेवायचा?

या महिन्याच्या पत्रांत एकच शब्द वेगवेगळ्या हस्ताक्षरांत समोर आला: ‘ऑलवेज’. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते त्याच्या जागेपाशी आणि सोबतच्या क्रियापदापाशी. म्हणून या वेळचं सदर मी त्यालाच दिलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने म्हणून पाहा, कारण हा शब्द नियमापेक्षा कानाने लवकर बसतो, असा माझा अमळनेरच्या वर्गातला अनुभव आहे.

प्रश्न: मॅडम, रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. माल आखाती देशांत जातो. तिकडच्या खरेदीदाराने विचारलं, घड दिवसा केव्हा कापता? मी उत्तर दिलं, ‘वी आर ऑलवेज कटिंग द बनानाज अर्ली इन द मॉर्निंग.’ पुण्यात शिकणारी पुतणी म्हणते, काका, हे चुकलं. पण आम्ही खरोखरच नेहमी पहाटे कापत असतो. मग ‘आर कटिंग’ का चालत नाही?

उत्तर: भाऊ, पुतणीचं बरोबर आहे. तुमची चूक मात्र निष्काळजीपणाची नाही, ती मराठीच्या सवयीतून आली आहे. ‘आम्ही पहाटे घड कापतो’ आणि ‘आम्ही पहाटे घड कापत असतो’ ही दोन्ही वाक्यं आपण रिवाज सांगायलाच वापरतो. ‘कापत असतो’ म्हटलं म्हणून आत्ता या क्षणी कोयता चालू आहे, असं कोणी समजत नाही. शाळेत मात्र ‘कापत आहे’ म्हणजे ‘इज कटिंग’ हे इतकं घोटून घेतलेलं असतं की ‘कापत’ दिसलं की हात आपोआप ‘कटिंग’ लिहितो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीची मराठी शाळेतली मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायला लागली आणि पुढे सगळं इंग्रजी भाषांतराच्या वाटेने शिकली. त्या वयाच्या माणसांच्या पत्रांत ‘आय ॲम ऑलवेज गोइंग’ हटकून सापडतं.

इंग्रजीत रिवाजाला साधा वर्तमानकाळ लागतो. तुमचं वाक्य असं हवं: ‘वी ऑलवेज कट द बंचेस अर्ली इन द मॉर्निंग.’ घडाला त्या व्यापारात ‘बंच’ म्हणतात आणि फणीला ‘हॅन्ड’, तेव्हा ‘बनानाज’पेक्षा ‘बंचेस’ जास्त नेमकं.

आता खरी मजेची गोष्ट. तुमचं मूळ वाक्य व्याकरणात कुठेही मोडत नाही. ‘आर ऑलवेज कटिंग’ ही शुद्ध इंग्रजी रचना आहे, फक्त तिचा अर्थ निराळा आहे. तो असा: जेव्हा पाहावं तेव्हा यांचं आपलं कापणंच चाललेलं. सांगणारा त्याला कंटाळलेला तरी असतो किंवा त्याला त्याचं नवल तरी वाटतं. ‘माय नेबर इज ऑलवेज बॉरोइंग माय स्प्रे पंप’ म्हणजे शेजारी सारखा फवारणीचा पंप मागून नेतो आणि बोलणारा आता वैतागला आहे. ‘माय नेबर ऑलवेज बॉरोज माय स्प्रे पंप’ यात तक्रार नाही. शेजाऱ्याला पंप लागला की तो माझ्याकडूनच नेतो, एवढीच माहिती. शब्द तेच, सूर बदलला.

मराठीत हे काम आपण ‘सारखा’ या शब्दाकडे दिलेलं आहे. ‘तो नेहमी फोन करतो’ आणि ‘तो सारखा फोन करतो’ हे दोन्ही म्हणून बघा. दुसऱ्या वाक्यात कपाळावरची आठी ऐकू येते. म्हणून माझ्या मुलांना मी एक कसोटी दिली होती: मनातल्या वाक्यात ‘नेहमी’ काढून ‘सारखा’ किंवा ‘जेव्हा पाहावं तेव्हा’ घालून बघायचं. ते मनातल्या अर्थाला जुळलं तर ‘इज ऑलवेज’ आणि पुढे ‘इंग’चं रूप. नाही जुळलं तर साधा वर्तमानकाळ. ‘आम्ही सारखे पहाटे घड कापतो’ असं तुम्ही म्हणाल का? नाही. संपला प्रश्न.

तुमच्या घरी किंवा गोतावळ्यात अहिराणी बोलली जात असेल तर आणखी एक आधार आहे. ‘काय करी राहिना?’ या प्रश्नात ‘राहिना’ म्हणजे आत्ता, या घडीला. गावोगाव उच्चार थोडा बदलतो, पण काम तेच. जिथे ‘करी राहिना’ शोभतं तिथे इंग्रजीत बिनधास्त ‘इज डूइंग’ लिहा. रोजच्या रिवाजाला अहिराणी माणूस ‘करी राहिना’ म्हणत नाही. प्रमाण मराठीतल्या ‘करत असतो’ने जो घोटाळा होतो, तो अहिराणीच्या आधाराने टळतो. घरच्या बोलीचा असा उपयोग शाळेत फार कमी करून घेतला जातो, याची मला मनापासून खंत आहे.

दोन बारकावे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक म्हणजे ‘इज ऑलवेज’ आणि ‘इंग’ यात दर वेळी वैताग असतोच असं नाही. ‘माय ग्रॅन्डमदर वॉज ऑलवेज फीडिंग समबडी’ यात प्रेम आहे: आजी, जेव्हा पाहावं तेव्हा कोणाला तरी जेवू घालत असायची. वैताग की कौतुक, ते पुढचे-मागचे शब्द सांगतात. दुसरं असं की, वाक्यात वेळेचा ठरावीक क्षण दिलेला असेल तर ‘इंग’ अगदी सरळ अर्थाने येतं. ‘व्हेन द ट्रक अराइव्ह्ज, वी आर ऑलवेज वॉशिंग द हॅन्ड्स.’ ट्रक येतो त्या क्षणी आमचं फण्या धुणं चाललेलं असतं, दर वेळी. इथे तक्रार नाही, कौतुकही नाही. खरेदीदाराला कामाचा क्रम कळवायचा असेल तर हे वाक्य तुमच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न: मी भुसावळला रेल्वेत आहे. खात्याच्या परीक्षेत रिकाम्या जागी ‘ऑलवेज’ घालायला देतात. ‘इज’च्या आधी की नंतर, ‘हॅज बीन’मध्ये कुठे, दर वेळी गोंधळ होतो. काही पक्कं सूत्र आहे का?

उत्तर: आहे, आणि भुसावळच्या माणसाला ते सांगणं सोपं आहे. इंग्रजी क्रियापदांच्या रांगेकडे गाडी म्हणून पाहा. पहिलं साहाय्यक क्रियापद हे इंजिन आणि ‘ऑलवेज’ हा त्याला जोडलेला पहिला डबा. ‘धिस ट्रेन हॅज ऑलवेज स्टॉप्ड हिअर.’ ‘द ब्रेक्स शुड ऑलवेज बी चेक्ड.’ ‘द रेकॉर्ड हॅज ऑलवेज बीन केप्ट इन धिस रूम.’ मागे कितीही क्रियापदं असोत, शब्द पहिल्याच्या मागे लागतो.

साहाय्यक क्रियापद नसेल तर ‘ऑलवेज’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतो: ‘धिस ट्रेन ऑलवेज स्टॉप्स हिअर.’ ‘इज, ॲम, आर, वॉज, वेअर’ एकटे असले तरी इंजिनासारखेच वागतात, म्हणून शब्द त्यांच्या मागे: ‘द जनरल कोच इज ऑलवेज क्राउडेड.’

‘हॅव’पाशी थोडं थांबा, परीक्षक तिथेच पकडतात. ‘हॅव’ साहाय्यक असेल तर ‘ऑलवेज’ त्याच्या मागे: ‘आय हॅव ऑलवेज कॅरीड अ टॉर्च.’ ‘हॅव’चा अर्थ ‘जवळ असणे’ असेल तर तेच मुख्य क्रियापद, म्हणून शब्द आधी: ‘आय ऑलवेज हॅव अ टॉर्च विथ मी.’ ‘हॅव टू’ म्हणजे ‘करावं लागणं’, तिथेही आधीच. चाळीसगावहून अमळनेरला रेल्वेने येणारी माझी बहीण म्हणेल, ‘आय ऑलवेज हॅव टू चेंज ट्रेन्स ॲट जळगाव.’ एक मुंबईचा मार्ग, दुसरा सुरतेचा, आणि दोन्ही जळगावला मिळतात. तिला दुसरा इलाज नाही आणि वाक्यालाही नाही.

प्रश्नार्थक वाक्यात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे जातं, ‘ऑलवेज’ मात्र कर्त्याच्या मागेच राहतो: ‘इज द कोच ऑलवेज क्राउडेड?’, ‘डझ धिस ट्रेन ऑलवेज स्टॉप हिअर?’ ‘ऑलवेज डझ’ किंवा ‘इज ऑलवेज द कोच’ असं होत नाही.

या सूत्राला एक खरा अपवाद आहे, त्रोटक उत्तराचा. ‘आर यू ऑन टाइम?’ याला उत्तर ‘आय ऑलवेज ॲम’ असं येतं, ‘आय ॲम ऑलवेज’ असं नाही. तसंच ‘शी ऑलवेज डझ’, ‘वी ऑलवेज हॅव’. वाक्य साहाय्यक क्रियापदावरच संपलं की जोर त्याच्यावर पडतो आणि ‘ऑलवेज’ त्याच्या आधी सरकतो. उलटतपासणीला उत्तर देतानाही असंच होतं: ‘बट आय ऑलवेज ॲम केअरफुल!’ बोलणाऱ्याने ‘ॲम’वर जोर दिला म्हणून.

सरावाची माझी जुनी पद्धत देते. फळ्यावर मी पूर्ण वाक्य लिहायची, पण ‘ऑलवेज’शिवाय. मुलगा उठायचा, खडूने शब्दांच्या फटीत उलट्या ‘व्ही’ची खूण करायचा आणि मगच वाक्य मोठ्याने वाचायचा. खूण केल्यावर तो शब्द लिहायची गरजच राहत नाही, डोळ्याला फट दिसायला लागते. तुमच्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन असं करून पाहा. हीच फट ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’, ‘रेअरली’ आणि ‘नेव्हर’ यांचीही आहे, म्हणजे एका मेहनतीत सहा शब्द सुटतात. गाइडमध्ये या शब्दांसमोर टक्के छापलेले असतात, ‘ऑलवेज’ला 100 आणि ‘ऑफन’ला अमुक. ते मुलांना उतरंड दाखवण्यापुरतं ठीक आहे. बोलणारा कोणी टक्के मोजत नाही.

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. सिकलसेल असलेल्या मुलीबद्दल पुढच्या पाळीसाठी नोंद केली: ‘पेशंट इज ऑलवेज नॉट टेकिंग फॉलिक ॲसिड टॅब्लेट.’ डॉक्टर बाहेरच्या राज्यातले आहेत. त्यांनी विचारलं, ‘नेव्हर?’ मी हो म्हणू की नाही, हेच मला कळेना. माझ्या मनात होतं की ती अधूनमधून चुकवते. बरोबर वाक्य कोणतं?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. इथे व्याकरणाचा प्रश्न थेट एका मुलीच्या औषधाला जाऊन भिडतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या पेशी सतत तयार कराव्या लागतात आणि त्यासाठी शरीराला फॉलिक ॲसिड लागतं. गोळी रोजची. मुलगी ती अधूनमधून विसरते की घेतच नाही, यावर डॉक्टर पुढे काय विचारणार आणि घरच्यांशी काय बोलणार हे ठरतं. तेव्हा त्यांनी विचारलं ते योग्यच विचारलं.

घोळ मराठीतूनच निघतो. ‘ती नेहमी गोळी घेत नाही’ याचे दोन अर्थ निघतात. एक, घेते पण नेमाने नाही. दोन, जेव्हा पाहावं तेव्हा घेतलेली नसते. समोरासमोर बोलताना आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो. नेमकेपणा हवा असेल तर आपण ‘नेहमीच घेते असं नाही’ म्हणतो किंवा ‘कधीच घेत नाही’ म्हणतो. नोंदवहीत आवाज नसतो.

इंग्रजीत या दोन अर्थांना दोन वेगळी वाक्यं आहेत आणि त्यांच्यात गफलत होऊ शकत नाही. ‘शी डझ नॉट ऑलवेज टेक हर टॅब्लेट्स’ म्हणजे घेते, पण चुकवते. इथे ‘नॉट’ हा ‘ऑलवेज’च्या आधी येऊन त्यालाच तोडतो: ‘नेहमी’ नाही. ‘शी नेव्हर टेक्स हर टॅब्लेट्स’ म्हणजे कधीच घेत नाही. दोन्हींच्या मध्ये ‘शी हार्डली एव्हर टेक्स हर टॅब्लेट्स’ आहे, म्हणजे क्वचितच घेते. तुमच्या मनात होतं ते पहिलं. ‘ऑलवेज नॉट’ हा क्रम तुम्ही कायमचा सोडून द्या. तो ऐकणाऱ्याला ‘नेव्हर’कडे ढकलतो, आणि डॉक्टर नेमके तिकडेच गेले.

‘नेव्हर’बरोबर आणखी एक सावधगिरी. मराठीत ‘कधीच’ आलं की ‘नाही’ यावंच लागतं, म्हणून आपण ‘शी नेव्हर डझन्ट टेक’ लिहून बसतो. ‘नेव्हर’च्या पोटात ‘नाही’ आहेच. क्रियापद होकारार्थी ठेवायचं. ‘हार्डली एव्हर’चंही तसंच.

आता शिक्षिका म्हणून नाही, वडीलधारी बाई म्हणून सांगते. रुग्णाच्या नोंदीत हे शब्द शक्यतो वापरूच नका. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’ हे गप्पांचे आणि पत्रांचे शब्द आहेत, प्रत्येक माणूस त्यांचं माप वेगळं धरतो. तुमच्याकडे तर खरा आकडा असतो. ‘शी मिस्ड टू डोसेस धिस वीक.’ या आठवड्यात दोन गोळ्या चुकल्या. एवढं लिहिलंत तर डॉक्टर कोणत्याही राज्यातून आलेले असोत, त्यांना पुन्हा विचारावं लागणार नाही. गोळी का चुकली तेही माहीत असेल तर तेवढंच एक वाक्य पुढे जोडा: ‘द टॅब्लेट्स वेअर फिनिश्ड.’ गोळ्या संपल्या होत्या. मुलीवर निष्काळजीपणाचा ठपका बसण्याआधी हे कागदावर असलं पाहिजे.

प्रश्न: शहादा तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर इंग्रजी सुवचनं रंगवायची आहेत. ‘ऑलवेज’ने वाक्य सुरू केलेलं चालतं का? एक सहकारी म्हणतात, अजिबात नाही.

उत्तर: भिंतीवर चालतं, कारण तिथे आज्ञा लिहितात. आज्ञार्थी वाक्याला कर्ता नसतो, म्हणून ‘ऑलवेज’ पहिलाच येतो: ‘ऑलवेज वॉश युवर हॅन्ड्स बिफोर मील्स.’ ‘नेव्हर प्ले निअर द वेल.’ आज्ञेत तो ‘बी’च्याही आधीच बसतो: ‘ऑलवेज बी काइंड टू ॲनिमल्स.’ ‘बी ऑलवेज काइंड’ जुन्या वळणाचं वाटतं, मुलांसमोर नको.

सहकाऱ्यांचं म्हणणं साध्या विधानाला लागू आहे. ‘ऑलवेज आय गेट अप ॲट फाइव्ह’ होत नाही. ‘समटाइम्स’, ‘युज्वली’ आणि ‘ऑफन’ यांना ती मोकळीक आहे, ते वाक्याच्या तोंडाशी खुशाल बसतात: ‘समटाइम्स वी हॅव भरीत अँड भाकरी.’ वाक्याच्या शेवटी ‘ऑलवेज’ आला तर त्याचा अर्थ ‘कायमचा, जन्मभर’ असा होतो. सातवीच्या निरोप समारंभाच्या कार्डावर ‘वी विल रिमेंबर यू ऑलवेज’ सुंदर दिसेल. ‘आय ब्रश माय टीथ ऑलवेज’ मात्र नको, तिथे ‘एव्हरी डे’ हवा.

आणि रंगाऱ्याला आठवणीने सांगा, ‘ब्रश युवर टीथ एव्हरी डे’ यात ‘एव्हरी’ आणि ‘डे’ सुटे लिहायचे. जोडून लिहिला की तो ‘रोजचा, नेहमीच्या वापरातला’ असं विशेषण होतो. भिंतीवरचं अक्षर मुलांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं राहतं, चूक असली तर तीसुद्धा.

प्रश्न: मी चाळीसगावचा, पुण्यात नोकरीला लागलो. रजा मागितली तर साहेबांनी लिहिलं, ‘यू कॅन ऑलवेज वर्क फ्रॉम होम.’ आता मी नेहमीच घरून काम करायचं का? घरी सांगितलं तर सगळे खूश झाले.

उत्तर: बाळा, घरच्यांना आधी समजावून सांग. ‘कॅन ऑलवेज’ आणि ‘कुड ऑलवेज’ यांत ‘ऑलवेज’ वारंवारता सांगतच नाही. तो पर्याय सुचवतो: दुसरं काही जमलं नाही तर घरून काम करण्याची वाट मोकळी आहे. आपण म्हणतो ना, ‘नाहीच जमलं तर घरून कर’, तेवढाच अर्थ. ‘वी कॅन ऑलवेज टेक द बस’ म्हणजे गाडी चुकली तर एसटी आहेच. रोज एसटीने जाऊ, असं नव्हे.

साहेबांनी बहुतेक तुला रजेऐवजी तेवढ्या दिवसांपुरतं घरून काम सुचवलं आहे. पण पगाराचा प्रश्न आहे, अंदाजावर राहू नकोस. आजच त्यांना लिही: ‘थँक यू, सर. डू यू मीन ओन्ली फॉर दीज डेज?’ उत्तर येईपर्यंत परतीचं तिकीट रद्द करू नकोस.